तीन नंबरची खाट परत आली, काका

काका,

तीन नंबरची खाट परवा तुमच्या घरातून खाली आणली. उचलायला चौघं होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कशी तिरकी करायची हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे भिंतीचा रंग खरवडला गेला. आता ती मंडळाच्या खोलीत खिडकीखाली आहे, पुसून, हँडलला तेल घालून. आपल्या साईटवर मात्र ती अजून ‘घरी’ दिसते आणि पुढे तुमचं नाव. ‘घरी’चं ‘खोलीत’ करायला एकच बटण दाबायचं आहे. ते बटण मीच बनवलंय. दोन दिवस झाले, माझ्याच्याने ते दाबवत नाही.

तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले. भांडुपच्या एक बाई आईसाठी खाट शोधतायत, त्यांचं नाव यादीत सगळ्यात वर आहे. म्हणजे इथे खाट रिकामी आणि तिथे त्यांची आई जमिनीवर गादी घालून. तुम्ही असतात तर चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाला असतात, "काय गो, एवढा शिकलंस ता ह्याच्यासाठी?"

बटण दाबण्याआधी तुमच्याशी थोडं बोलून घ्यायचं आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. आणि काही गोष्टी मी तुम्हाला सांगितल्या नव्हत्या.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती समाजसेवा करायला नाही, हे तुम्हाला माहीत होतं. मी प्रोजेक्ट शोधत आले होते. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि वर्गातली सगळी मुलं लायब्ररीचा प्रोजेक्ट करत होती, एकमेकांचा उतरवून. मला असं काहीतरी हवं होतं जे खरोखर कोणीतरी वापरतंय, म्हणजे इंटरव्ह्यूत छाती पुढे काढून दाखवता येईल. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. बाबा कंपनीच्या गेटवर वॉचमन, आई चार घरी पोळ्या करायला जाते. चिठ्ठी देऊन नोकरी लावणारं कोणी नव्हतं. जे काय करायचं ते मलाच करायचं होतं, आणि मला त्याचा तेव्हाही अभिमान होता, आजही आहे.

तुम्ही कंपनीच्या स्टोअरमध्ये आयुष्य काढून रिटायर झाला होतात आणि मंडळाचं रुग्ण साहित्य केंद्र सांभाळत होतात. केंद्र म्हणजे एक खोली. त्यात गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांतून घेतलेल्या आणि लोकांनी दिलेल्या वस्तू: वॉकर, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या आणि डोक्याकडून वर होणाऱ्या तीन हॉस्पिटलच्या खाटा. घरात आजारपण आलं की यायचं, वस्तू न्यायची, गरज संपली की आणून द्यायची. भाडं नाही. विक्रोळीचेच काय, घाटकोपर-मुलुंडचे लोकही यायचे. आणि निम्म्या वेळा वस्तू नक्की कुठे आहे तेच सापडायचं नाही.

मी म्हटलं, "काका, मी तुम्हाला वेब ॲप्लिकेशन बनवून देते. लोकांना घरबसल्या दिसेल काय आहे, काय नाही."

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "त्याला महिन्याला काय द्यावं लागतं?"

मी सर्व्हर, स्टोरेज, मेसेज असं सगळं सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "मंडळ एक वर्ष पैसे भरायला विसरलं तरी चाललं पाहिजे. कारण मंडळ विसरणार." तेवढंच. हे आपलं बजेट. नंतर नोकरीत मी मोठमोठ्या कागदांवर बजेटं बघितली, पण इतकं स्पष्ट बजेट मला आजपर्यंत कोणी दिलेलं नाही. त्या एका वाक्याने माझे अर्धे बेत तिथेच पडले. फुकटचा सर्व्हर शोधला. खर्च उरला तो फक्त साईटच्या पत्त्याचा, आणि तो दरवर्षी मंडळाच्या रद्दीतून निघेल असं तुम्ही ठरवून टाकलंत.

मी लगेच लॅपटॉप उघडला. तुम्ही तो बंद केलात. आजही आठवलं की मला राग येतो, खरं सांगते. तुम्ही पिशवीतून जुन्या लग्नपत्रिका काढल्यात, मागची कोरी बाजू वर करून कात्रीने कापल्यात, भोकं पाडलीत आणि प्रत्येक वस्तूचं एक कार्ड केलंत. मग भिंतीवर तीन खिळे ठोकलेत. एक ‘खोलीत’, एक ‘घरी’, एक ‘दुरुस्तीला’.

"आता महिनाभर ह्याच्यावर चालव. वस्तू गेली की कार्ड उचलून दुसऱ्या खिळ्यावर. जिथे हे अडेल तिथे तुझा प्रोग्राम अडेल."

"काका, असं कोणी करत नाही. आधी लॉगिनचं पान करतात."

"लॉगिन कोणाला करायचंय?"

"सगळ्यांना."

"घरात म्हातारी पडलीय, कंबर मोडलीय, आणि मुलगा तुझ्या पानावर पासवर्ड शोधत बसलाय. तुका काय करूचा आसा ता आधी सांग."

चिडून मी महिनाभर कार्डं हलवली. तुमच्यावर उपकार केल्यासारखी यायचे. तिसऱ्या आठवड्यात मी एका हवेच्या गादीचं कार्ड हातात धरून उभी राहिले. ती खोलीत नव्हती, दुरुस्तीला नव्हती, आणि ज्या घरी होती ते घर सोडून लोक गावाला गेले होते. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून हातोडी आणलीत आणि चौथा खिळा ठोकलात. त्याच्याखाली लिहिलंत, ‘माहीत नाही’.

मी म्हटलं, "हे साईटवर दाखवायचं? लोक हसतील आपल्याला."

"हसू देत. स्टोअरमध्ये सगळ्यात खरा खिळा हाच. हा खिळा नसला की माणूस खोटं लिहितो."

त्या वाक्यापाशी मी तुमची विद्यार्थिनी झाले, फक्त ते तुम्हाला कळू दिलं नाही. मग तुमच्याच घरात, काकूंच्या ओट्याशेजारच्या टेबलावर, मी साईट बांधली. मी चौदा पानं आखली होती. तुम्ही प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारायचात, "ह्या पानावर येऊन माणूस काय करणार?" उत्तर आलं नाही की पान गेलं. चार उरली. तपासणीला काकूंचा काच फुटलेला फोन. "ह्या फोनवर उघडलं तर सगळ्यांच्या फोनवर उघडेल," तुमचं म्हणणं. काकू कणकेचा अंगठा लावायच्या आणि दुसरंच काहीतरी उघडायचं. त्या म्हणायच्या, "माझं बोट जाडं नाही गो, तुझं बटण बारीक आहे." आज माझ्या ऑफिसात नवीन मुलं आली की मी त्यांना हेच सांगते, फक्त जरा सभ्य शब्दांत.

उद्घाटन करावं, बॅनर लावावा, असं मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं. तुम्ही म्हणालात, बॅनरच्या पैशात दोन वॉकरचे रबर येतील. आपलं उद्घाटन म्हणजे आपण दोघांनी तीन दिवस पायी आणि बसने फिरून औषधांच्या दुकानांत चिठ्ठ्या लावल्या. विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड. चिठ्ठीवर साईटचा पत्ता आणि खाली तुमचा नंबर. मुलुंडला एका केमिस्टने विचारलं, "ह्यात तुमचा फायदा काय?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत, "हिला नोकरी लागेल." मी लाजले आणि मनातून खूश झाले.

लागली. अंधेरीत. इंटरव्ह्यूत मी आपली साईट उघडून दाखवली. समोरच्या बाईंनी विचारलं, वस्तूची स्थिती ‘माहीत नाही’ अशी ठेवायची कल्पना कशी सुचली, हे सहसा कोणी करत नाही. मी सांगितलं, मला सुचली. तुमचं नाव माझ्या जिभेवर होतं, काका. पण मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारतंय की तुला हे कसं सुचलं, आणि मी म्हणू, आमच्या मंडळातल्या काकांना सुचलं? पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "काय विचारलं गो?" मी म्हटलं, "असंच, टेक्निकल." ही एक गोष्ट. तुम्हाला कळली असती तर तुम्ही फार तर म्हणाला असतात, बरं झालं, मला कुठे अंधेरीला जायचं होतं. म्हणूनच जास्त टोचते.

आता त्या खाटेचं.

स्टोअरच्या कार्डावर वस्तू कोणाकोणाच्या हातातून गेली ते सगळं लिहिलेलं असतं. मी ते जसंच्या तसं साईटवर घेतलं. खाट दाबली की खाली यादी उघडायची, याआधी कोणाकडे होती, कधी परत आली. मला ते पान फार आवडायचं. साईट सुरू होऊन आठवडा झाला होता आणि कांजूरचा एक माणूस वडिलांसाठी खाट न्यायला आला. एक आणि दोन नंबर बाहेर होत्या. तीन नंबर समोर. त्याने आपल्यासमोर फोन काढला, यादी उघडली, वाचली आणि फोन खिशात ठेवला.

"ह्याच्यावर आमच्या मागच्या गल्लीतले आजोबा गेले ना?"

त्याने खाटेपासून एक पाऊल मागे घेतलं.

"आणि त्यांच्या आधीच्या बाई पण. नको. राहू दे. दुसरी आली की कळवा."

तो गेला आणि मी माझ्या फोनवर तीच यादी उघडली. आपल्या लोकांत राहून, आपल्या घरांत मरण बघून, हे मला सुचलं कसं नाही? मी मेलेल्या माणसांची यादी खाटेला लटकवून ती जगापुढे ठेवली होती. मी तिथेच लॅपटॉप काढून नावं उडवली. पण बातमी उडवता येत नाही. दोन आठवड्यांत तीन नंबरच्या खाटेचं नाव भांडुपपर्यंत गेलं. यादीत माणसं थांबलेली आणि खाट भिंतीला टेकून.

तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. दुसरं कोणी आलं, घाटकोपरचे एक नवरा-बायको, त्यांनीही तेच विचारलं, "ह्याच्यावर कोणी गेलंय का?" मी तोंड उघडणार होते, नाही म्हणणार होते. तुम्ही मला हाताने थांबवलंत. चप्पल काढलीत, चष्मा माझ्या हातात दिलात आणि सरळ त्या खाटेवर आडवे झालात. पोटावर हात ठेवून.

"गेलेत," तुम्ही छताकडे बघत म्हणालात. "चौघं गेले. सहा जण बरे होऊन घरात चालायला लागले. खाट जाणाऱ्यासाठीही असते आणि उठणाऱ्यासाठीही. जरा वर करा मला."

त्या माणसाने गोंधळून हँडल फिरवलं. तुमचं डोकं हळूहळू वर आलं. तुम्ही त्यांना सांगत होतात, जेवताना किती वर घ्यायचं, झोपताना किती खाली, हँडल कुठे अडकतं. मग तुम्ही उठून बसलात, पाय खाली सोडलेत, उभे राहिलात.

"आता ह्या खाटेवरून शेवटचा उठलेला माणूस मी. आणि मी हा असा उभा आहे. घेऊन जा."

त्यांनी नेली. त्यानंतर तीन नंबर जेव्हा जेव्हा बाहेर गेली तेव्हा तुम्ही आधी तिच्यावर झोपलात. कोणी विचारो, न विचारो. मी चिडवायचे, "काका, सवय लागली तुम्हाला, वामकुक्षी घेताय." तुम्ही म्हणायचात, "तुझी चूक निस्तरतोय, गप रव." तुम्ही मला बोललात ते एवढंच, तेही हसत. कोडमधली चूक मी कोडने दुरुस्त केली होती. लोकांच्या मनातली तुम्ही अंगाने दुरुस्त केलीत, दरवेळी नव्याने.

आणि आपलं भांडण. वस्तू परत येत नव्हत्या, म्हणून मी आपोआप जाणारे मेसेज सुरू केले. त्यालाही पैसे लागू नयेत म्हणून तुमचा जुना फोन, तुमच्याच जुन्या सिमकार्डासकट, खोलीत चार्जरला लावून ठेवला. दर पंधरा दिवसांनी त्यातून मेसेज जायचा, ‘आपण घेतलेलं साहित्य अजून लागतं आहे का?’ मला ती युक्ती फार हुशारीची वाटली होती. तुम्हाला ती कधीच आवडली नाही.

"आजारी माणसाच्या घरात मशीनने विचारायचं नसतं. माणसाने विचारायचं."

"काका, कितीजणांना फोन करणार तुम्ही? आणि मशीन विसरत नाही."

"विसरत नाही हाच तर वांधा आहे."

"बरं, आज तुम्ही कराल. तुमच्यानंतर कोण करणार?"

"माझ्यानंतर तू."

"मला नोकरी आहे, काका."

तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगितलंत. आपण हे भांडण किमान दहा वेळा केलं असेल, आणि दरवेळी ते ह्याच वाक्यावर येऊन थांबलं. मी म्हणायचे, बघा, मेसेज सुरू केल्यापासून वस्तू वेळेवर परत येतायत, आकडे बघा. आकडे माझ्या बाजूने होते. तुम्ही आकडे बघायचात, मान डोलवायचात आणि म्हणायचात, "असेल बुवा."

दुसरी गोष्ट जी मी सांगितली नाही, ती आपल्या फुकटच्या सर्व्हरची. तो थोडा वेळ कोणी आलं नाही की झोपतो, मग पहिल्या येणाऱ्याला मिनिटभर पांढरं पान बघत बसावं लागतं. मी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग मी जाऊन त्याला उठवतो ना." सकाळी सहाला दूध आणलं की पहिलं पान उघडायचं, मग दिवसभर मध्ये मध्ये. दुकानाचं शटर वर करावं तसं. काका, महिन्याभरातच मी चार ओळी लिहून ते उठवणं आपोआप केलं होतं. तुम्ही पान उघडलंत न उघडलंत, सर्व्हर जागाच असायचा. तुम्हाला सांगितलं नाही. वाटलं, म्हाताऱ्या माणसाला काम आहे तर असू दे. मनात थोडं हसायचेही. मोठी आले मी.

मग तुम्ही आजारी पडलात. पोटाचं निघालं, आणि उशिरा निघालं. खाट लागणार हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी एक नंबर ठेवून घेतली होती, नवीन रंग दिलेली. तुम्ही म्हणालात, "तीन दे. तिच्या सगळ्या खोडी मला माहीत आहेत." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. तुम्ही त्यांना म्हणालात, "अगो, मी तिच्यावर इतक्यांदा झोपलोय, आता कुठे माझ्या नावावर होतेय."

त्या तीन महिन्यांत मी येत राहिले, रविवारी, कधी ऑफिसातून परस्पर. तुम्ही खाटेवरूनही फोनमध्ये पान उघडायचात. शेवटी शेवटी फोन हातात धरवायचा नाही, मग काकू उघडून समोर धरायच्या. आणि त्याच तीन महिन्यांत आपल्या वस्तू परत येईनाशा झाल्या. मेसेज जात होते, वेळेवर, एकही न चुकता. चौथ्या खिळ्यावरची संख्या वाढत होती. मला वाटलं मेसेजमध्ये काहीतरी बिघाड आहे. मी तीन वेळा सगळं तपासलं. बिघाड नव्हता.

तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी काकूंनी मला हाक मारली. फोन हातात होता.

"प्रज्ञा, बघ. तुझ्या काकांचा मेसेज आलाय. खाट परत मागतायत."

तुमचं नाव, तुमचा जुना नंबर. ‘आपण घेतलेलं साहित्य अजून लागतं आहे का?’ पुन्हा पंधरा दिवस भरले होते. मशीन विसरलं नव्हतं.

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी पाय धरायला वाकले तर काकू हसत होत्या, आणि रडतही होत्या. "काय लिहू सांग. लागतंय लिहू की नको लिहू?"

मी म्हटलं, "काकू, चुकलं माझं. हे मेसेज बंदच करते मी."

"ते नेहमी म्हणायचे, पोरीला कळेल एक दिवस." मग त्यांनी मला जे सांगितलं ते तुम्ही दोन वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत. तुम्ही पान उघडायचात ते सर्व्हरला उठवायला नाही. पान उघडायचात, कोणाची वस्तू किती दिवस बाहेर आहे ते बघायचात, आणि मग फोन लावायचात. रोज दोन-तीन घरं. "खाटेचं नाव पण काढायचे नाहीत," काकू म्हणाल्या. "आजींची कंबर कशी आहे, जेवतात का, रात्री झोप लागते का. एवढंच विचारायचे. मग समोरचाच म्हणायचा, काका, वॉकर घेऊन जा आता, आई चालायला लागली."

म्हणजे माझे आकडे तुमचे होते. मी तुमच्यासमोर ते नाचवायचे, आणि तुम्ही मान डोलवून ‘असेल बुवा’ म्हणायचात. मी तुमच्यापासून चार ओळी लपवल्या म्हणून मनात हसत होते, आणि तुम्ही माझ्यापासून अख्खं काम लपवून ठेवलं होतंत, माझा प्रोजेक्ट पडू नये म्हणून. काका, एवढं मोठं मन मी कॉलेजातही बघितलं नाही आणि अंधेरीच्या बाराव्या मजल्यावरही नाही.

त्याच दिवशी मी मेसेज बंद केले आणि खोलीतला तुमचा फोन चार्जरवरून काढून काकूंकडे दिला. त्या जागी एक साधं पान केलंय. तुमच्या परीक्षेत ते पास होईल असं वाटतं, कारण त्या पानावर येऊन माणूस एकच गोष्ट करतो. वर लिहिलंय, ‘आज ह्यांची चौकशी करा’. खाली तीन नावं आणि नंबर. सकाळी सहाला मी ते उघडते, ऑफिसला निघण्याआधी तिघांशी बोलते. पहिल्या दिवशी मुलुंडच्या एका आजोबांनी विचारलं, "परब काका कुठे आहेत? महिने झाले, फोन नाही त्यांचा." मी सांगितलं. मग ते म्हणाले, "व्हीलचेअर रिकामीच आहे हो, पण ते विचारल्याशिवाय कशी देऊ, असं वाटत होतं."

हे मंडळाच्या खोलीत बसून लिहिता लिहिता भांडुपच्या बाई आल्या. भाऊ बरोबर, खाली टेम्पो उभा. काल रात्री त्यांची आई गादीवरून उठताना घसरली, म्हणून फोन न करताच निघाल्या. त्यांनी खाट बघितली, हात लावून बघितला आणि तोच प्रश्न विचारला. दारात काकू उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं.

‘नाही’ म्हणता आलं असतं मला. त्या बाईंना काय माहीत असणार होतं? पण तुमचा चौथा खिळा समोर भिंतीवर होता.

"हो," मी म्हटलं. "सहा जण गेले. शेवटचे आमचे काका, चौदा दिवस झाले. आणि दहा जण बरे होऊन चालायला लागले."

बाईंनी भावाकडे बघितलं. भाऊ मागे सरकला. मी चप्पल काढली. मंडळाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, ऑफिसच्या कपड्यांत आडवं व्हायची लाज वाटत होती. पोटावर हात ठेवून मी छताकडे बघितलं. इथून चारही खिळे दिसतात, काका. हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत.

हँडल कोणीतरी फिरवायला लागलं. मान वळवून बघितलं तर काकू होत्या.

"पाय सरळ ठेव गो," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना सांग, जेवताना किती वर घ्यायचं."

मी सांगितलं, सगळं, हँडल कुठे अडकतं तेसुद्धा. मग उठून बसले, पाय खाली सोडले आणि उभी राहिले.

"ह्या खाटेवरून शेवटची उठलेली मी," मी म्हटलं.

भावाने खाटेची दुसरी बाजू धरली. टेम्पोत चढवताना बाईंनी विचारलं, परत कधी आणून द्यायची. मी म्हटलं, ते राहू दे, आईंचं नाव सांगा. त्यांनी सांगितलं. मी फोन काढला, तीन नंबरच्या समोरचं तुमचं नाव पुसलं आणि तिथे त्यांच्या आईचं लिहिलं. उद्या सकाळी सहाला त्यांना फोन करायचाय. रात्री झोप लागली का, एवढंच विचारेन.